‘टोल’ म्हणे!

जुन्या इराणबद्दलचं इंग्रजी भाषांतर वाचताना ‘टोल’ हा शब्द दिसला की हल्ली माझं डोकं फिरतं. (टोलनाक्यावर सगळ्यांचंच फिरतं, ते वेगळं.) मूळ फारसीत शब्द असतो ‘राहदारी’. भाषांतरकार एकदा कोशात बघतो, ‘टोल’ लिहितो आणि पुढच्या ओळीवर जातो. आणि मग आपले मराठी लेखक ते इंग्रजी पुस्तक समोर ठेवून लिहितात, ‘इराणात त्या काळी जागोजागी टोल द्यावा लागे’. ज्या भाषेत ‘रहदारी’ हा शब्द रोज उठता-बसता वापरला जातो, त्या भाषेत! ह्याला काय म्हणावं?

आता राहदारी म्हणजे काय ते आधी बघू. राह म्हणजे वाट. दार म्हणजे धरणारा, राखणारा. आपल्या जमीनदार, फौजदार, किल्लेदारातला. तर राहदार म्हणजे वाटेचा राखणदार. सतराव्या शतकातल्या सफवी इराणात व्यापाराच्या रस्त्यांवर ह्या राहदारांच्या चौक्या असत. ओझ्यामागे ठरलेली रक्कम ते घेत. इथपर्यंत टोल म्हणा, माझी हरकत नाही. पण वाटेत माल लुटला गेला तर चोर शोधायची, आणि चोर सापडला नाही तर नुकसान भरून द्यायची जबाबदारी त्या मुलखाच्या सुभेदारावर आणि त्याच्या राहदारांवर असे. ताव्हेर्निए आणि शार्दँ ह्या दोघा फ्रेंच प्रवाशांनी हे लिहून ठेवलंय. दोघेही जवाहिरे. हिरे-माणकं कमरेला बांधून त्याच रस्त्यांवरून गेलेले. असा माणूस रस्त्याच्या बंदोबस्ताबद्दल उगीच बरं बोलणार नाही.

म्हणजे व्यापारी जे पैसे देत होता त्यात चौकीदाराचा पगार होता आणि मालाचा विमाही होता. ‘टोल’मध्ये ह्यातलं काय येतं? टोल भरायचा, दांडा वर जातो, पुढे तुम्ही आणि तुमचं नशीब! पुढे गाडी लुटली गेली म्हणून टोलवाल्याकडे भरपाई मागायला गेलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. मग ह्या ‘टोल’च्या आधारावर कोणीतरी प्रबंध लिहितो की बिचारे व्यापारी करांच्या ओझ्याखाली कसे पिचून गेले होते. अहो, कर कसला, त्यांनी सुरक्षितता विकत घेतली होती! पिचले असतीलही, पण ते ठरवायला आधी त्यांनी काय विकत घेतलं ते तरी कळायला हवं ना?

गंमत म्हणजे ‘जुन्या लोकांना कळत नव्हतं’ असंही म्हणायची सोय नाही. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर १६७२ ते १६८१ ह्या काळात हिंदुस्थान आणि इराण फिरला. (हाच तो फ्रायर, जो मोगल अधिकाऱ्याच्या घरच्यांना औषधोपचार करायला जुन्नरला गेला होता.) त्याने टोल-बिल काही न लिहिता रहदारी हाच शब्द घेतला, त्याला इंग्रजी शेपूट जोडलं आणि व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी रस्त्यावर पहारा ठेवायचा असतो, त्याबद्दलचा हा आकार, असं समजावूनही सांगितलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरला एका वाक्यात जमलं ते आज जाडजूड कोश हाताशी असणाऱ्यांना का जमत नाही?

शब्द फार पवित्र होता असं मी म्हणत नाहीये हं. राखणदारच वाटमारी करायला लागला की काय होतं तेही ह्याच शब्दात दिसतं. हिंदुस्थानात मोगलांच्या मुलखात रहदारी म्हणजे निव्वळ पिळवणूक होऊन बसली. औरंगजेबाने गादीवर आल्यावर ती माफ केली असं खाफीखान लिहितो, आणि हुकूम निघाला तरी वसुली काही थांबली नाही हेही तोच लिहितो. आपल्या जुन्या कागदांत रहदारी म्हणजे वाटेचा परवाना, वाटेवरची जकात. आणि पुढे वाटेवरून जाणारी-येणारी माणसं-वाहनं. आमच्या शाळेत ‘रहदारीचे नियम’ ह्या विषयावर मी किती वह्या तपासल्या असतील देव जाणे. तिकडे आजच्या इराणात काय? तिथे राहदारी म्हणजे रस्त्यांची देखभाल. त्यांच्या सरकारी खात्याचं नावच तसं आहे. डोंगरातल्या घाटात बर्फ पडलं की ते बाजूला करायला येतो तो राहदार.

कर, परवाना, पहारा, डागडुजी, ट्रॅफिक. लोक म्हणतात, बघा, एकाच शब्दाचे पाच अर्थ, भाषांतरकाराने करायचं काय? मला तर ह्या पाचांच्या पोटात एकच प्रश्न दिसतो : ह्या वाटेचं उत्तरदायित्व कोणाकडे? तो प्रश्न ज्याने काढून टाकला त्याने भाषांतर कसलं केलं!

माझी भाची फारसीतून इंग्रजीत भाषांतरं करते. हुशार आहे, माझ्यापेक्षा कितीतरी चांगली फारसी तिला येते. मी आपली मराठी माध्यमातून बी.ए. झालेली शिक्षिका, निवृत्तीनंतर लिपी शिकले, अजूनही कोश मांडीवर घेऊन अडखळत वाचते. तिच्याशी ह्यावर वाद घालते तेव्हा ती म्हणते, “मावशी, वाचक अडखळला की गेला. वाक्य वाहतं राहायला हवं.” तिच्या धंद्यातल्या सगळ्यांचं हेच ब्रीदवाक्य दिसतं. मी म्हणते, वाहून वाहून जातं कुठे ते? चाळीस वर्षं मी मुलांना शिकवलं. मूल अडखळतं तिथेच ते विचार करायला लागतं. जे मूल धडा घडाघडा वाचून जातं त्याला अर्थ विचारा, तोंडाकडे बघत बसतं.

बरं, हे जुन्या काळापुरतंच आहे म्हणावं तर तसंही नाही. जाफर पनाही ह्यांचा ‘टॅक्सी’ नावाचा सिनेमा आहे, २०१५ साली त्याला बर्लिनचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. सरकारने सिनेमा काढायला बंदी केलेला हा दिग्दर्शक स्वतःच तेहरानमध्ये टॅक्सी चालवतो आणि आत कॅमेरा लावलेला, अशी कल्पना. सुरुवातीलाच टॅक्सीत एक पुरुष आणि एक बाई भांडायला लागतात. तो म्हणतो, चोरांना फाशी द्या. ती म्हणते, फाशीने काय साधतं? (ती शिक्षिका असते हे ऐकून मला फार बरं वाटलं!) आता ‘टॅक्सी’ ह्या शब्दावरून लंडन-न्यूयॉर्कच्या माणसाच्या डोळ्यापुढे काय येतं? मागे एकटा बसलेला गिऱ्हाईक. मग हे दोघं कोण? नवराबायको? मित्र? दोघांची ओळखदेखील नाही हे कळायला त्याला वेळ लागणार. तेहरानमध्ये टॅक्सी म्हणजे मुळात सीटवर चालणारी गाडी. माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो, गाडी जरा हळू झाली की ‘मुस्तकीम!’ म्हणून ओरडतो, म्हणजे ‘सरळ!’. ड्रायव्हरला तिकडेच जायचं असलं तर थांबतो. आत आधीच तीन माणसं बसलेली असतात. कोकणात, खानदेशात, मराठवाड्यात वडापने फिरलेल्या कोणालाही हे एका क्षणात समजेल. तेहरानच्या टॅक्सीतली भांडणं, राजकारणं, गाऱ्हाणी हे सगळं अनोळखी माणसं मांडीला मांडी लावून बसल्यामुळे घडतं.

आणि ज्याला एकट्याला जायचंय तो म्हणतो, ‘दरबस्त’. दर म्हणजे दार, बस्त म्हणजे बंद. दार लावा, आता आणखी कोणी घेऊ नका, सगळ्या सीटांचे पैसे मी देतो. अख्खं घर एकट्याने भाड्याने घेतलं तरी तेही दरबस्तच. इंग्रजीत ह्याला कोणी ‘प्रायव्हेट’ लिहितं, कोणी ‘डायरेक्ट’. दोन्ही फसवे! डायरेक्ट तर साधी शेअर टॅक्सीही जाऊ शकते. आणि प्रायव्हेटचा घोटाळा त्याहून मोठा आहे, कारण तिथे स्वतःची खाजगी गाडी काढून येता-जाता उतारू भरणारे लोक खूप. त्यांना ‘मुसाफिरकश’ म्हणतात, शब्दशः मुसाफिर ओढणारा. म्हणजे गाडी प्रायव्हेट, पण आत चार परकी माणसं! संध्याकाळी नोकरीवरून सुटल्यावर आपली जुनी पैकान घेऊन चार उतारू भरणारा कारकून इराणी कथा-सिनेमांत भेटतो, त्याला इंग्रजीत ‘टॅक्सी ड्रायव्हर’ म्हटलं की त्याची ओढाताणच पुसली गेली. टॅक्सी हा त्याचा धंदा नाहीये, पगार पुरत नाही म्हणून तो हे करतोय. (पैकान म्हणजे बाणाचं टोक. ब्रिटिश हिलमन हंटरवरून बेतलेली ही गाडी १९६७ पासून २००५ पर्यंत इराणात निघत होती. आपली ॲम्बॅसेडर आठवा.)

मराठीत ‘दरबस्त’ला आपण काय म्हणू? ‘स्पेशल’! “स्पेशल येणार का?” असं रिक्षावाल्याला विचारलं की त्याला सगळा करार कळतो. शब्द इंग्रजी, पण त्या अर्थाने तो इंग्रजांना ठाऊक नाही. असो.

जमिनीवरून जरा पाण्यात उतरू. नाखुदा हा शब्द घ्या. नाव आणि खुदा, म्हणजे नावेचा धनी. फारसी-इंग्रजी कोश उघडा, ‘कॅप्टन’ लिहिलेलं सापडेल. आता अबुल फजलची ‘आईन-ए-अकबरी’ घ्या. त्यात जहाजावरच्या माणसांची यादी आहे. तिचं ब्लॉखमनने केलेलं इंग्रजी भाषांतर १८७३ सालचं. त्यात नाखुदा हा जहाजाचा मालक आहे, आणि कॅप्टन कोण? तर त्याच्या खालोखाल आलेला ‘मुअल्लिम’! उथळ-खोल पाणी ओळखणारा, ताऱ्यांवरून दिशा काढणारा, जहाज मुक्कामाला नेऊन पोचवणारा तो. मुअल्लिम म्हणजे मूळ अर्थी शिक्षक, हे मुद्दाम सांगून ठेवते. तर एका पुस्तकातला कॅप्टन दुसऱ्या पुस्तकातला मालक होतो. हिंदी महासागरातल्या त्या व्यापारात नाखुदा पुष्कळदा जहाजाचा मालक किंवा मालकाचा मुखत्यार असे. माल कुठे उतरवायचा, कुठे विकायचा हे तो बघे. जहाज बुडालं तर नुकसान कोणाचं, ह्याचा निकाल ह्या एका शब्दावर. त्याला आणि सुकाणूची विद्या जाणणाऱ्याला एकच टोपी घालायची? आजच्या इराणी नौदलात नाखुदा हे हुद्द्याचं नाव आहे, तिथे कॅप्टन खुशाल म्हणा. पण म्हणून चारशे वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्याला नौदलात भरती करू नका. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारा. होडीचा धनी तो ‘नाखवा’, आणि होडी हाकणारा ‘तांडेल’. त्याच्या बोलण्यात हा घोटाळा होत नाही, पदव्या घेतलेल्यांच्या होतो.

ह्यावर कोणी म्हणेल, मग सगळे शब्द फारसीच ठेवा, तिरक्या टायपात. नको! त्याचाही मला तितकाच वैताग आहे. ‘कारवानसराय’चं काय केलं बघा. इंग्रजीत शब्द जसाच्या तसा गेला आणि त्याच्याभोवती चांदणं, उंट, अत्तर, गूढ सुंदऱ्या जमा झाल्या. जे हे टाळतात ते ‘इन’ लिहितात. इनमध्ये यजमान असतो, गादी असते, तो जेवायला वाढतो. सराईत काय असे? जाड भिंती, रात्री बंद होणारा एकच मोठा दरवाजा, पाणी, मध्ये अंगण, जनावरांना पागा, माणसांना उघडे ओटे. अंथरूण तुमचं, शिधा तुमचा. शहा अब्बासने अशा ९९९ सराया बांधल्या अशी तिकडे दंतकथा आहे. खऱ्या किती ते सोडा, पण युनेस्कोने २०२३ साली जागतिक वारशात घेतलेल्या इराणी सराया ५४ आहेत. ‘धर्मशाळा’ म्हटलं की आपल्याला ह्यातलं बरंच समजतं, ‘सराई’ म्हटलं की सगळंच. अजिंठा गावात जुनी सराई आजही आहे. आपल्याला कशाला हवा तो मधला ‘इन’?

काही शब्दांना इंग्रजीत अगदी चपखल जोडीदार आहे हेही कबूल करायला हवं. बारनामा घ्या. बार म्हणजे ओझं, किराणा दुकानातल्या बारदानातला. कोणाचा माल, कोणी नेला, कोणाला पोचवायचा ह्याचा कागद. इंग्रजी ‘बिल ऑफ लेडिंग’ तंतोतंत तेच, कारण तिकडेही तोच करार होता. ‘कतार’ ही एकामागे एक बांधलेली उंटांची रांग. तीच पुढे आगगाडीला लावली. तिथे ‘ट्रेन’ लिहा, मी काही बोलणार नाही. पण तेहरानहून शहा अब्दुल अझीमच्या दर्ग्यापर्यंत १८८८ साली बेल्जियन कंपनीने जी इवलीशी रेल्वे घातली तिला लोक ‘माशीन दूदी’ म्हणत, म्हणजे धुराचं यंत्र. इंग्रजीत तीसुद्धा ट्रेन, आणि १९३८ साली पुरी झालेली, कास्पियन समुद्रापासून इराणी आखातापर्यंतची १३९४ किलोमीटरची ‘राह-ए-आहन’ तीही रेल्वे. एक भेदरलेल्या लोकांनी ठेवलेलं नाव, दुसरं सरकारी दप्तरातलं. मराठीत बघा किती सहज होतं : एक आगगाडी, दुसरा लोहमार्ग! आपले लोक पहिल्यांदा तसेच भेदरले होते, आणि आपल्या दप्तरानेही तसंच गंभीर तोंड करून नाव ठेवलं होतं.

फरसखाबद्दल तर लिहावं तेवढं थोडं. लादलेलं खेचर तासाभरात जेवढं चालेल तेवढं अंतर. साहजिकच घाटात फरसख आखूड, मैदानात लांब. एकोणिसाव्या शतकातले युरोपियन प्रवासी ह्यावरून इराण्यांना हसले, ह्या लोकांना मोजमाप कळत नाही म्हणून. आजचे भाषांतरकार हसत नाहीत, ते दशांश चिन्ह लावून किलोमीटर करतात, म्हणजे आणखी वाईट. अहो, ‘पुढचा मुक्काम पाच फरसख’ हे ऐकून माणसाला कळत होतं की पहाटे निघालो तर ऊन चढायच्या आत पोचू. हेरोडोटसने सार्दिस ते सूसा हा राजरस्ता ४५० परसंग आणि १११ ठाण्यांचा सांगितला, आणि लागलीच सांगितलं की चालायला ९० दिवस. त्या ग्रीकाने शब्दही ठेवला आणि त्याचा अर्थही. अडखळला का कोणी पंचवीसशे वर्षांत?

माझा खरा राग भाचीवर नाही, इंग्रजीवर तर नाहीच. राग आपल्यावर आहे. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियनांनी, १९२५ साली ‘फार्शी-मराठी कोश’ काढला. (पुढे हेच भाषाशुद्धीच्या बाजूला गेले, तो भाग निराळा.) सेतुमाधवराव पगडींनी मोगल काळातले फारसी कागद थेट मराठीत आणले. त्यांना मध्ये इंग्रजांची नाव लागली नाही. आणि शिवाजीमहाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले, तेसुद्धा त्या शब्दांमागचा व्यवहार पुरता ओळखूनच ना! काढून टाकायलाही आधी माहीत असावं लागतं. आज आपण इराणचा सिनेमा इंग्रजी अक्षरांवरून पाहतो, इराणची कादंबरी इंग्रजीवरून मराठीत करतो, आणि मुसाफिर, सवारी, रस्ता, मंजिल, बंदर, रहदारी हे शब्द घरात असून परक्याच्या दारात मागायला जातो.

सध्या भाची ‘कजावा’ ह्या शब्दाशी झुंजतेय. तिच्या संपादकांना ‘लिटर’ हवाय. आमच्याकडे लिटर हे दुधाचं माप, त्यांच्या भाषेत तो रस्त्यावरचा कचराही, आणि तिसऱ्या अर्थी राणीने लोळत जायची पालखी. कजावा म्हणजे उंटाच्या किंवा खेचराच्या दोन बाजूंना टांगलेले दोन खोके, एकेकात एकेक माणूस. दोघांचं वजन सारखं लागतं, नाहीतर सगळं एकीकडे कलंडतं. म्हणून हलक्या माणसाच्या बाजूला धोंडे भरायचे. मी तिला कळवलंय, ‘कावड’ डोळ्यापुढे आण आणि मग इंग्रजीत दोन ओळी जास्त लिही. संपादकांनी शब्दमर्यादा दाखवली तर त्यांना म्हणावं, एका खोक्यात तुम्ही बसा, दुसऱ्यात मी बसते, आणि धोंडे कोणाच्या बाजूला लागतात ते बघू.